गाडीच्या डोळ्यांना जवसाचं तेल

आमच्या गाडीला कावीळ झाली आहे हे सगळ्यात आधी शेजारच्या गोवर्धनकाकांच्या लक्षात आलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, आणि डोळ्यात नवीन भिंग बसवलेला माणूस पहिले काही दिवस जगात काय काय मळलंय तेच बघत हिंडतो. काकांनी आधी स्वतःच्या घराच्या भिंती पाहिल्या. मग काकूंच्या चेहऱ्याबद्दल काहीतरी बोलून बसले (त्या दिवशी त्यांच्याकडे स्वयंपाक झाला नाही), आणि मग उपाशीपोटी, काळा चष्मा सावरत आमच्या फाटकाशी आले.

"प्रणाली, तुह्या गाडीचे डोये पाह्यले काय?"

"काय झालं काका?"

"पिवये पडले ना वं! पार पिठल्यावानी. माहे असेच झाले होते. मले तं दोन-दोन चंद्र दिसत."

मी पाहिलं. खरंच, दोन्ही दिव्यांवरचं प्लास्टिक शिळ्या पिठल्याच्या रंगाचं झालं होतं. आत बल्ब आहे की उकडलेलं अंडं, हे बाहेरून सांगता येऊ नये. गाडी रोज वापरणारी मी, पण रोज डोळ्यांसमोरचं पिवळेपण दिसत नाही. घरातले पांढरे बनियन कधी पांढरे राहिले नाहीत ते कुणाला सांगता येतं?

"उपाय काय काका?"

"पिकू दे," काका डॉक्टरी गांभीर्याने म्हणाले. "कच्चं काढलं तं पुन्हा येते. पूर्ण पिकू दे, मंग काढ."

दिवे पिकण्याची वाट पाहायला माझी हरकत नव्हती. पण गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, आणि पंधरा वर्षांनी गाडीचं पासिंग नव्याने करून घ्यावं लागतं. सरकारी माणूस गाडी तपासतो, ती अजून रस्त्यावर फिरायच्या लायकीची आहे का ते बघतो. माणसांसाठी अशी काही सोय नाही, नाहीतर आमच्या कॉलनीतली बरीच घरं रिकामी झाली असती.

ही गाडी माझ्या बाबांची, म्हणजे अकोल्याच्या शेषरावांची. आचल झाली तेव्हा बाबांनी तिच्या पाळण्यात गाडीची चाबी ठेवली आणि म्हणाले, "नातीले येयाले-जायाले." तोवर माझं अमरावतीहून माहेरी जाणं म्हणजे एक ग्रहयोग असायचा. माझा नवरा सागर, त्याला सुट्टी हवी. सासऱ्यांचे, म्हणजे मामाजींचे गुडघे बरे हवेत. सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा उपास नको. हे सगळे ग्रह एका रांगेत आले की तेवढ्यात कुणाचं तरी लग्न निघायचं. गाडी आल्यावर मी चालवायला शिकले, आणि ज्या दिवशी आचलला मागच्या सीटवर बांधून एकटीने बडनेऱ्याच्या पुलावरून गाडी काढली, त्या दिवशी मला कळलं की इतकी वर्षं मी घरात नाही, प्रतीक्षालयात राहत होते.

आता गजेंद्र. हा मामाजींचा पुतण्या. नांदगाव खंडेश्वरला शेवंती आणि गेंदा लावतो, आणि फुलं घेऊन अमरावतीला आला की आमच्याकडे चहाला येतो. चहा पिता पिता तो घरभर नजर फिरवतो आणि एखाद्या वस्तूवर थांबून हळूच म्हणतो, "काका, हे पडूनच हाय ना?" अशा तऱ्हेने आमच्याकडे पडून असलेला कूलर, पडून असलेला पलंग आणि मी माहेरी गेले असताना पडून राहिलेला मिक्सर नांदगावला गेला. यावेळी त्याची नजर अंगणात थांबली.

"काका, आता ही गाडी काय पास होत नाही. पार आंधयी झाली. फुलं वाह्याले मात्र चांगली हाय."

"नापास गाडी फुलं तरी कशी वाहील?" मी विचारलं.

"शेताच्या रस्त्यानं कोन पायते वहिनी!"

मामाजींनी चष्मा कपाळावर चढवला. मामाजी, म्हणजे भगवंतराव, घरातला कुठलाही वाद फार ऐकून घेत नाहीत, ते सरळ निकाल देतात. "हे पाहा. पास झाली तं प्रणालीची. तिनं ठेवावी, चालवावी, मी एका शब्दानं बोलनार नाही. नाही पास झाली तं गजेंद्र घेऊन जाईन. इषय खतम."

वर ते पुटपुटले, "हिच्या बापानं देल्ली तीही आंधयी." हे पुटपुटणं आमच्या घरात साधारण तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जातं.

म्हणजे आता दोन गोष्टी त्या पिवळ्या प्लास्टिकला लटकल्या होत्या. माझं माहेरचं नाक, आणि माझी चाबी.

सागर कामाला लागला. सागरचं काम म्हणजे आधी त्या कामाचे व्हिडिओ पाहणं. व्हिडिओनंतर तो काम करत नाही, कारण तोवर जेवायची वेळ झालेली असते. एका व्हिडिओत एक परदेशी माणूस, एवढ्या स्वच्छ अंगणात की तिथे कुणी राहत नसावं, दिव्यांना टूथपेस्ट चोळत होता आणि दिवे आरशासारखे होत होते. "इतकं सोपं आहे," सागर म्हणाला. "तू उगाच टेन्शन घेतेस." असं म्हणून त्याने घरातली टूथपेस्टची नवी नळी माझ्या हातात दिली आणि स्वतः व्हिडिओ धरून उभा राहिला, मला बारकावे सांगायला.

आचल तेव्हा दात घासायला शिकत होती. शिकत होती म्हणजे घरातल्या सगळ्यांचे घासत होती. तिने आपला इवलासा ब्रश आणला, गाडीसमोर उकिडवी बसली आणि गाडीला म्हणाली, "आ कल. आ." गाडीने काही आ केला नाही, पण आचलने हार मानली नाही. ती समजुतीने गाडीच्या बॉनेटला थोपटत राहिली, मी तिला थोपटते तशी. त्या एका दृश्यासाठी मी सागरला टूथपेस्ट माफ केली.

संध्याकाळी दिवे खरंच उजळ दिसले. सकाळी पुन्हा पिवळे. फरक इतकाच की कडेच्या खाचांमध्ये पांढरी पेस्ट सुकून बसली होती, त्यामुळे गाडी दूध पिऊन तोंड न पुसलेल्या पोरासारखी दिसत होती.

मग सागरने दुसरा व्हिडिओ पाहिला. त्यात घासायचा कागद होता. तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानदाराने विचारलं, "लाकडाले पायजे का लोखंडाले?" दिव्यांना, असं म्हटलं तर दुकानदार हसेल म्हणून सागर म्हणाला, "दोन्ही." घरी आलेला तो कागद असा खरखरीत होता की नुसता पाहून माझ्या टाचा दुखल्या. पण मी माहेरच्या नाकाला स्मरून, आचल झोपली असताना, एका बाजूचा दिवा घासला. पिवळेपणा गेला! आनंदाने दुसराही घासला. मग पाणी मारलं, पुसलं, आणि मागे सरून पाहिलं. दिवे आता न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेसारखे झाले होते. आरपार काहीही न दिसणारे, पांढरे, चरचरीत.

मामाजी बाहेर आले. दिव्यांकडे वाकून पाहिलं. "पह्यले कावीय होती," ते म्हणाले, "आता मोतीबिंदू आनला."

"म्या म्हनलं होतं पिकू द्या!" कुंपणापलीकडून गोवर्धनकाका ओरडले. "घाई केली ना!"

मी पायरीवर बसले. हातांना पांढरी भुकटी, डोळ्यांत पाणी, आणि आतून आचल उठल्याचा आवाज. मामाजींना बहुतेक माझी दया आली. मामाजींची दया फार धोक्याची, कारण ती सल्ल्याच्या रूपाने येते.

"पोयाले बैलाचे शिंगं तासतेत का नाही?" त्यांनी सगळ्या अंगणाला विचारलं. "तासल्यावर शिंग कसं दिसते? असंच. पांढरं, खरबडं. मंग काय करतेत?"

आमच्या घरात मामाजींच्या प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नाही. तेही थांबत नाहीत.

"तेल लावतेत! जवसाचं! शिंग असं चमकते का त्यात तोंड पाहून भांग पाडावा. कौशल्ये, आन तेल!"

त्यांच्या वडिलांची काळी जमीन होती, बैलजोडी होती, पोळ्याला त्यांच्या जोडीकडे गाव बघायचं. हे सगळं खरं आहे. फक्त गाडीला शिंगं नसतात, एवढीच त्यात अडचण होती. पण ते इतक्या ठामपणे बोलले की क्षणभर मलाही वाटलं, दिवा आणि शिंग यांत फरक तो काय? दोन्ही जोडीने असतात, दोन्ही पुढे असतात.

आत्याबाईंनी तेलघाण्यावरून आणलेल्या जवसाच्या तेलाची बाटली आणली. आचलच्या टाळूवर तेल घालतात तसं, तीन बोटांनी, गोल गोल, तोंडाने काहीतरी गुणगुणत त्यांनी दोन्ही दिव्यांना तेल लावलं. आणि, देवाशपथ, दिवे स्वच्छ झाले! सगळे ओरखडे तेलात बुडाले. आतला बल्ब दिसू लागला. बल्बवरचं कंपनीचं नावसुद्धा वाचता येऊ लागलं.

मामाजींनी रस्त्याने जाणाऱ्या भाजीवाल्याला थांबवून दिवे दाखवले. गोवर्धनकाका मात्र कुंपणापाशी आलेच नाहीत. डॉक्टर न होता मोतीबिंदू बरा करणाऱ्या माणसाचं तोंड त्यांना पाहवत नव्हतं.

गाडीची नोंद अकोल्याची, म्हणून पासिंगही अकोल्याला. सागरला सुट्टी नव्हती. मामाजींचे गुडघे. मग आचलला धरायला आत्याबाई निघाल्या. मामाजींनी गाडीसमोर नारळ फोडला आणि मला रस्ता समजावून सांगितला, ज्याने मी दर महिन्याला जाते. आत्याबाईंना म्हणाले, "तिले बोलन्यात गुंतवू नको. खिडकी उघडू नको. झोपू नको."

बडनेरा मागे पडेपर्यंत आत्याबाई तशाच बसल्या, झोप नाही, बोलणं नाही, खिडकी बंद. मग हळूच म्हणाल्या, "थोडीशी उघडू काय वं?"

"पूर्ण उघडा आत्याबाई."

थंडीचे दिवस, ऊन कोवळं. वाऱ्याने त्यांचा पदर उडाला, केस उडाले, आणि त्या एकदम हसल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. त्यांचं हसू पदराआडूनच पाहिलेलं. आता पदर हातात सापडत नव्हता आणि त्याची त्यांना फिकीरही नव्हती. मांडीवरच्या आचलला त्या दाखवू लागल्या, "हे पाय बगळा. हे पाय तूर. हे पाय तुह्या आज्यासारखा बोकड."

कापसाचा हंगाम होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे कापसाने शिगोशिग भरलेल्या ट्रॉल्या लागल्या. ट्रॅक्टर दमादमाने चाललेले, वर कापसाचा डोंगर, आणि वाऱ्यासरशी त्यातून पुंजके उडत होते. रस्त्याकडेच्या बाभळींवरसुद्धा कापूस. "पायतं का वं आचल, ढग खाली आले," आत्याबाई म्हणाल्या. फार सुंदर दिसत होतं ते. त्या सुंदर दृश्याच्या मागे मागे आम्ही बराच वेळ चाललो, कारण ओलांडायला जागा नव्हती.

तपासणीच्या मैदानावर पोचलो तेव्हा फाटकावरचा माणूस गाडीकडे पाहून बाजूलाच झाला. वाट देण्याच्या अदबीने नाही, हसू आवरण्यासाठी. मी उतरून समोर गेले.

जवसाचं तेल हळूहळू सुकतं आणि सुकताना चिकट होतं, हे बैलाच्या मालकाला कळायचं कारण नाही, कारण बैल तासभर कापसाच्या ट्रॉलीमागे तोंड लावून चालत नाही. आमच्या दोन्ही दिव्यांवर धुळीचा थर बसला होता, आणि धुळीवर कापूस. वाऱ्याने तो मागे वळवलेला, दाट, पांढराशुभ्र. गाडीला भुवया आल्या होत्या. अशा भुवया फक्त खूप वय झालेल्या आणि खूप रागीट माणसाला असतात.

आत्याबाई धावत आल्या आणि पदराने पुसू लागल्या. पदर चिकटला. त्या ओढू लागल्या, तर कापूस सुटेना आणि पदरही. तशात आमचा नंबर आला. साहेब आले तेव्हा माझी सासू गाडीच्या दिव्याशी वाकून, गाडीला काही गुपित सांगत असल्यासारखी उभी होती.

साहेबांनी गाडीला एक फेरी मारली. "ह्या भुवया कंपनीतूनच आल्या का?"

"नाही साहेब. ते तेल लावलं होतं."

"कोणी?"

मी सासऱ्यांचं नाव सरकारी माणसासमोर घेतलं नाही. इतपत संस्कार आहेत.

"गाडी कोणाच्या नावावर?"

"बाबांच्या. म्हणजे माझ्या बाबांच्या."

"मग बाबा कुठे आहेत? मालक हवा. उद्या मालकाला आणा आणि गाडीची दाढी करून आणा. हे असे दिवे मी पास करू शकत नाही."

सभ्य माणूस होता. हसला नाही. पण त्याच्या मागे रांगेतले सगळे मोबाईल वर करून उभे होते, आणि मला खात्री आहे की आमच्या गाडीचा फोटो माझ्याआधी घरी पोचला. कारण मी मामाजींना फोन लावला तर त्यांनी हॅलोही न म्हणता सांगितलं, "तेल कमी लावलं असंन."

"मामाजी, तेलामुळेच..."

"मी शिंगाले लावतो तेवा असं होत नाही. गजेंद्र इथंच बसला हाय. तो म्हनते, येऊ काय अकोल्याले गाडी घ्याले? तुमचा परतीचा तरास वाचते."

"उद्या पुन्हा तपासणी आहे. उद्यापर्यंत कुणी येऊ नका," असं म्हणून मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला असता, पण आचल माझ्या हातातलं सगळं बघून शिकते.

माझ्या माहेरी वेगळाच गोंधळ उडाला. माझी आई पार्बताबाई दार उघडते तर समोर विहीणबाई, पदराला कापसाचे गोळे, हातांना काळं तेल. आमच्याकडे मुलाची आई सुनेच्या माहेरी आली की तिने फक्त बसायचं असतं. तिला पाट द्यायचा, पुरण घालायचं, ताटातलं संपायच्या आत वाढायचं, आणि तिने उचललेला पाण्याचा तांब्यासुद्धा हातातून काढून घ्यायचा. आईने धावत खुर्ची आणली, वर धुतलेली चादर टाकली. "बसा विहीणबाई."

आत्याबाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "गरम पानी ठेवा. आन डायीचं पीठ द्या वाटीभर."

"पिठल्याले?"

"दिव्याले. लेकराले तेल लावल्यावर आंघोय घालतो तं पिठानंच घालतो ना? तेल म्या लावलं, काढीन बी मीच."

आणि त्यांनी पदर खोचला. आईचा चेहरा पांढरा पडला. "विहीणबाई, अंगनात? लोक पायतीन ना! म्हनतीन, शेषरावानं विहिणीले गाडी धुवाले लावली! उद्या मले तुमच्या घरी येऊन भांडे घासा लागतीन."

"या मंग. ढीगभर असतेत."

 आईने आतून डबल बेडची चादर आणली आणि रस्त्याच्या बाजूने ती दोन्ही हातांनी ताणून धरून उभी राहिली. अख्खी दुपार माझी आई अंगणात चादर धरून उभी होती. येणारे-जाणारे विचारायचे, "काय वं पार्बताबाई, चादर वाऱ्यावर वायवून राहिली?" ती म्हणायची, "हो ना, ऊनच नाही." चादरीच्या अलीकडे आम्ही दोघी, एकीकडे एक दिवा, दुसरीकडे दुसरा.

बाबांचा प्रश्न वेगळाच होता. बाबा दिवे पिवळे होते हेच मानायला तयार नव्हते. "ते कंपनीतूनच तसे आले होते," ते म्हणाले. "पिवये दिवे धुक्यासाठी असतेत."

"अकोल्यात कुठलं धुकं बाबा?"

"येऊ शकते."

तरी ते बारीक घासकागद आणायला गेले. पहिल्यांदा आणले ते पुन्हा लाकडाचेच. दुसऱ्यांदा मी त्यांना कागदावर लिहून दिलं, तेव्हा रंगाच्या दुकानातून पाण्यात भिजवून वापरायचे तलम कागद आणि पॉलिशची डबी आली. मग सुरू झालं ते खरं काम, ज्यात गंमत काहीच नाही. कागद भिजवायचा, घासायचा, पुसायचा. मग त्याहून तलम. मग त्याहून. प्रत्येक वेळी वाटायचं की आपण बिघडवतोय, कारण दिवा आणखीच दुधाळ व्हायचा. आचल मागच्या सीटवर दार उघडं ठेवून झोपली होती. शेवटच्या कागदाचा आवाज इतका मऊ होता की तो आणि तिचा श्वास मला वेगळे ऐकू येईनात. मी मधूनच थांबून नक्की कोण आवाज करतंय ते बघायची.

"तुह्या हातानं रेघा उमटतेत वं," आत्याबाई पलीकडून म्हणाल्या. "एकाच जागी दाबू नको. मले इतके वर्स घागरी घासता घासता समजलं नाही का आपन कायले घासून राहिलो. हे घासाले बरं वाटते."

"का?"

"हे कोठं तरी घेऊन जाईन."

मी जोरात घासलं आणि पुन्हा रेघ उमटवली.

ऊन उतरलं तेव्हा पॉलिश पुसलं, वरून पारदर्शक लेप लावला. दोन्ही दिवे असे झाले की आईने चादर खाली टाकली, पुढे आली आणि त्यात पाहून कुंकू सारखं केलं. बाबा वाकून वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, "मी नवीन घेतली तेवा असेच होते." धुक्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून आले, जणू त्यांचाच सत्कार आहे. कालचेच साहेब. त्यांनी गाडीखाली पाहिलं, हॉर्न वाजवला, क्रमांक पाहिला, दिवे लावले, विझवले, पुन्हा लावले. आम्ही तिघं बाजूला रांगेत उभे. आत्याबाई तर हात जोडून.

साहेब म्हणाले, "हं."

बस. माझ्या बोटांची सालं निघाली होती, माझी आई अख्खी दुपार चादरीचा खांब झाली होती, आणि त्यावर मराठी भाषेतला सगळ्यात लहान शब्द. मला त्यांना थांबवून सांगावंसं वाटलं, साहेब, जरा नीट बघा, डावीकडचा तर बघाच, तो माझ्या सासूबाईंनी केलाय. पण त्यांनी पास केलं होतं आणि ते पुढच्या गाडीकडे गेले होते.

परत आलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मी गाडी फाटकातून सरळ आत, ओसरीसमोर नेऊन उभी केली. ओसरीवर मामाजी, कुंपणाशी गोवर्धनकाका, सागर नुकताच ऑफिसातून आलेला. गजेंद्रने आपली मोटारसायकल फाटकाच्या आत, माझ्या गाडीच्या अगदी मागे लावली. तिच्यावर रिकाम्या टोपल्या बांधलेल्या होत्या. माझ्या गाडीच्या डिकीत मावतील अशा मापाच्या.

"झाली काय पास?" मामाजींनी विचारलं.

"झाली."

"पाह्यलं!" ते गोवर्धनकाकांना म्हणाले. "तेलाचा गुन हाय." मग गजेंद्रकडे वळून, "घे बाप्पा. आता काही अडचन नाही."

मला आधी कळलंच नाही. "मामाजी, पास झाली तर माझी, असं ठरलं होतं."

"अवं, तुहीच हाय. नाही कोन म्हनते? पन नापास गाडी पुतन्याले देनं बरं दिसते काय? देतो तं चांगली वस्तू द्या लागते. तुले कोठं जायचं असलं तं गजेंद्र आनून देईन एखाद्या दिवशी."

मी सागरकडे पाहिलं. सागर खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चप्पल होती.

गजेंद्रने माझ्यापुढे हात केला. "आना वहिनी चाबी." तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवय नाही. माझ्या मुठीत चाबी होती. ती मूठ मी पाठीमागे नेली. 

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. आत्याबाई मागच्या सीटवरून उतरल्या. झोपलेल्या आचलच्या अंगावर शाल सारखी केली, ते दार लावलं, पुढचं उघडलं, आणि पुढच्या सीटवर बसल्या. पट्टा ओढून घेतला. तो त्यांना लावता येत नव्हता, पण त्यांनी तो छातीशी धरून ठेवला.

"अवं, घर आलं," मामाजी म्हणाले. "उतर."

"नाही उतरत. माही बहीन चांदूर बाजारले पाय मोडून पडली हाय. पाहून येतो तिले."

"हे आत्ता? सागर नेईन सुट्टीच्या दिवशी."

"सागरले सुट्टी नाही. तुमाले गुडघे हायेत. गजेंद्रले फुलं हायेत." त्या समोर बघूनच बोलत होत्या. "बहिनीचा पाय काय पिकू द्याचा हाय?"

"अवं पन अंधार पडून राहिला ना!"

"मंग दिवे कायले घासले?"

 गोवर्धनकाकांनी कुंपणावरून मान आणखी पुढे काढली. मी गजेंद्रच्या पसरलेल्या हाताला वळसा घालून गाडीत बसले, चाबी लावली आणि दिवे लावले. सगळी ओसरी दिवसासारखी झाली. भिंतीवरचं कॅलेंडर, खुंटीवरची टोपी, मामाजींच्या धोतराची सुरकुती न् सुरकुती. मामाजींनी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले.

"खाली कर वं तो उजेड! डोये दिपले ना माहे!"

"सवय होईन," आत्याबाई म्हणाल्या.

मी काच खाली केली. "सागर, आचल मागे झोपली आहे. एक तर तिच्याजवळ बस, नाहीतर फाटक उघड."

सागरने वडिलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि नाडी नसलेल्या पायांनी येऊन निमूट मागे बसला. आचलचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. मी गाडी मागे घ्यायला लागले.

गजेंद्रने टोपल्यांसकट मोटारसायकल बाजूला घेतली आणि फाटकाची दोन्ही दारं उघडून धरली. कुणीतरी उघडायला हवंच होतं.